यहूदाने गज्जा जिंकलं की नाही? हिब्रू शास्त्रातले पाठभेद पायरीपायरीने कसे तपासावेत

मराठी पवित्र शास्त्रात शास्ते या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं अठरावं वचन काढा. यहूदाने, म्हणजे इस्राएलाच्या त्या नावाच्या वंशाने, गज्जा, अष्कलोन आणि एक्रोन ही नगरं त्यांच्या आसपासच्या मुलखासह घेतली, असं तिथे वाचायला मिळतं. याच वचनाचा प्राचीन ग्रीक अनुवाद मात्र उलटं सांगतो. यहूदाला ही नगरं वतन म्हणून मिळाली नाहीत, आणि वर अश्दोदही मिळालं नाही, असं तो म्हणतो. म्हणजे एका परंपरेत जो विजय आहे, तोच दुसऱ्या परंपरेत अपयश ठरतो.

असा फरक दिसला की मन लगेच निकाल देऊन टाकतं: "कुणीतरी मुद्दाम बदललं." विजय आणि पराजयाच्या मजकुरात हा संशय फार लवकर येतो, कारण तिथे बदल करण्याची कारणं उघड असतात. वंशाचा अभिमान असतो, हरल्याची लाज असते, देवाच्या वचनावरचा विश्वास असतो. पण माझं ठाम मत असं, की हेतूचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी विचारला, तर प्रत्येक पाठभेदात कारस्थान दिसायला लागतं आणि लहियाची साधी नजरचूक कायमची नजरेआड होते. म्हणून या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम तसाच पाळावा ही विनंती. हिब्रू येत नसेल तरी चालेल. चांगली भाषांतरं आणि थोडा धीर असला की बरंच काही तपासता येतं. अक्षरओळख असेल तर उत्तमच.

पहिली पायरी: प्रश्न कोणता, हे आधी ठरवा

पाठचिकित्सेचा प्रश्न एवढाच असतो: आपल्यापर्यंत आलेल्या पाठांपैकी जुना कोणता, आणि बाकीचे त्यातून कसे निघाले? "खरंच तसं घडलं का?" हा प्रश्न वेगळा आहे. त्याची साधनंही वेगळी आहेत.

आय नगराचं उदाहरण घ्या. यहोशवा या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात इस्राएल तिथे हरतं आणि आठव्या अध्यायात जिंकतं. हे नगर बहुतेक अभ्यासक एत-तेल या टेकाडाशी जोडतात. तिथे ज्युडिथ मार्के-क्राउस यांनी १९३३ ते १९३५ या काळात आणि जोसेफ कॅलवे यांनी १९६४ पासून उत्खनन केलं. इ.स.पू. सुमारे २४०० ते १२०० या काळात तिथे वस्तीच नव्हती, असं त्यातून दिसलं. इतिहासाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे. पण आठव्या अध्यायातलं सव्विसावं वचन (ते पुढे येईल) मूळचं की मागाहून आलेलं, हे त्यावरून अजिबात ठरत नाही. उत्खननाचा अहवाल हातात धरून पाठ निवडायला बसलात, तर दोन्ही कामं बिघडतील.

दुसरी पायरी: साक्षी गोळा करा आणि त्यांची कुळं ओळखा

हिब्रू बाजूला मुख्य आधार मासोरेटिक संहितेचा, म्हणजे यहुदी पंडितांनी जपलेल्या पारंपरिक हिब्रू मजकुराचा. तिची सर्वांत जुनी संपूर्ण प्रत म्हणजे लेनिनग्राड कोडेक्स (कोडेक्स म्हणजे पुस्तकासारखी बांधलेली पोथी). ही प्रत १००८-०९ च्या सुमारास कैरोत लिहिली गेली आणि आज सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. आलेप्पो कोडेक्स तिच्याहून जुना, सुमारे ९३० चा. पण १९४७ नंतर त्याची बरीच पानं गेली, तोराचा, म्हणजे शास्त्राच्या पहिल्या पाच पुस्तकांचा, तर जवळजवळ सगळा भाग गेला. यहोशवा आणि शास्ते ही पुस्तकं सुदैवाने त्यात शिल्लक आहेत.

ग्रीक बाजूला सेप्टुआजिंट, म्हणजे हिब्रू शास्त्राचा प्राचीन ग्रीक अनुवाद. तोरा सोडून बाकीच्या पुस्तकांचे ग्रीक अनुवाद साधारण इ.स.पू. शेवटच्या दोन-तीन शतकांत झाले. शास्ते या पुस्तकापुरती एक अडचण ध्यानात ठेवा. चौथ्या शतकातला व्हॅटिकॅनस आणि पाचव्या शतकातला अलेक्झांड्रिनस या दोन पोथ्यांतले पाठ इतके वेगळे आहेत, की आल्फ्रेड राल्फ्स यांनी १९३५ च्या आपल्या आवृत्तीत दोन्ही एकाच पानावर वरखाली छापले. त्यामुळे "ग्रीकमध्ये असं आहे" एवढं म्हणून भागत नाही. कोणत्या ग्रीकमध्ये, तेही सांगावं लागतं.

तिसरा आधार मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुंडाळ्यांचा. १९४७ पासून त्या सापडत गेल्या. यहोशवा, शास्ते आणि शमुवेल यांचे महत्त्वाचे तुकडे चौथ्या गुहेतले आहेत, आणि ती गुहा १९५२ मध्ये सापडली. त्यापलीकडे लॅटिन व्हल्गेट, सिरियाक पेशित्ता आणि अरामी तार्गुम हे जुने अनुवाद. ही तिन्ही बहुधा मासोरेटिक घराण्याच्या जवळ जातात. शेवटी जोसेफस. हा पहिल्या शतकातला इतिहासकार शास्त्रातल्या कथा आपल्या शब्दांत पुन्हा सांगतो. तो अनुवादक नव्हे, पण त्याच्यासमोर कोणता मजकूर होता याचा सुगावा त्याच्याकडून लागतो.

इथे साक्षी मोजू नका, तोला. मासोरेटिक घराण्याच्या शेकडो प्रती एकच गोष्ट सांगत असतील तर तो एकाच घराण्याचा एक आवाज धरावा. वेगळ्या कुळातला कुमरानचा एखादा तुकडा त्या सगळ्यांच्या बरोबरीने उभा राहू शकतो.

छापील आवृत्त्यांबद्दल एक गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून लक्षात घ्यावी. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली तेव्हा संपादकांनी अनेक पोथ्या तोलून एक पाठ सिद्ध केला, तो वर छापला आणि पाठभेद खाली दिले. हिब्रू शास्त्राच्या सर्वाधिक वापरातल्या आवृत्त्या तशा नाहीत. श्टुटगार्टची 'बिब्लिया हेब्राइका' आणि तिची नवी 'क्विंटा' आवृत्ती लेनिनग्राड कोडेक्सच छापते, चुका असल्या तरी त्यांच्यासकट. संपादकांची मतं तळटीपेत येतात. त्यामुळे वरचा मजकूर म्हणजे विद्वानांनी ठरवलेला मूळ पाठ, असं धरून चालू नका. ठरवायचं काम तुमच्यावरच सोडलेलं असतं.

साधनं घरबसल्या मिळतात. जर्मन बायबल सोसायटीच्या संकेतस्थळावर हिब्रू आणि ग्रीक मूळ मजकूर मोफत वाचता येतो. सेप्टुआजिंटचा 'नेट्स' हा २००७ चा इंग्रजी अनुवादही जालावर मोफत आहे. कुमरानच्या तुकड्यांची छायाचित्रं लिऑन लेव्ही डिजिटल ग्रंथालयात मोठी करून पाहता येतात.

तिसरी पायरी: फरक शब्दाशब्दाने लिहून काढा

कागदावर रकाने आखा. डोक्यात ठेवून हे काम होत नाही. शास्ते १:१८ साठी तो कागद असा दिसेल.

मासोरेटिक: "वय्यिल्कोद येहूदा", म्हणजे यहूदाने सर केलं. नगरं तीन: गज्जा, अष्कलोन, एक्रोन.

ग्रीक, दोन्ही पोथ्या: यहूदाने वतन करून घेतलं नाही. नगरं चार, अश्दोद धरून.

व्हल्गेट, पेशित्ता, तार्गुम: मासोरेटिकप्रमाणे, घेतलं.

जोसेफस: अष्कलोन आणि अश्दोद घेतलं. गज्जा आणि एक्रोन निसटलं, कारण ती नगरं सपाटीवर होती आणि त्यांच्याकडे पुष्कळ रथ होते.

कुमरान: या वचनाचा तुकडा उपलब्ध नाही.

खाली जवळचे संदर्भ मांडा. पुढचंच एकोणिसावं वचन सांगतं, की यहूदाने डोंगराळ मुलूख घेतला, पण खोऱ्यातल्या रहिवाशांना हुसकावता आलं नाही, कारण त्यांच्याकडे लोखंडी रथ होते. आणि ३:३ मध्ये, अजून जिंकायच्या राहिलेल्यांत, पलिष्ट्यांचे पाचही सरदार मोजलेले आहेत; वरची चारही नगरं पलिष्ट्यांचीच. एवढं मांडून झालं की तणाव नेमका कुठे आहे ते दिसतं. मासोरेटिक पाठ पुढच्याच वचनाशी भांडतो. ग्रीक पाठ भांडत नाही. आणि जोसेफसने दोन्हींची सांगड घातल्यासारखी वाटते.

चौथी पायरी: ग्रीकच्या मागची हिब्रू शोधा

अनुवादात फरक दिसला की दोन शक्यता असतात. अनुवादकासमोरची हिब्रू प्रतच वेगळी होती, किंवा प्रत तीच होती आणि बदल त्याने केला. यातलं काय झालं ते ठरवायला त्याच्या सवयी बघाव्या लागतात.

अलेक्झांड्रिनसमध्ये १:१८ ला जो वाक्प्रयोग आहे, तोच १:२७ ला मनश्शेबद्दल येतो. तिथे हिब्रूत "वेलो होरीश" आहे, म्हणजे हुसकावलं नाही. तेव्हा १:१८ च्या ग्रीकमागेही "वेलो होरीश येहूदा" असं काही असावं, हा अंदाज भक्कम आहे.

पण अनुवादकानेच नकार घुसडला नसेल कशावरून? याचं उत्तर पुढच्या वचनात दडलेलं आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. एकोणिसाव्या वचनात हिब्रूत लोखंडी रथांसाठी "रेखेव बर्झेल" हे शब्द आहेत. दोन्ही ग्रीक पोथ्यांत तिथे रथ नाहीतच! तिथे आहे "रेखाबाने ते वेगळं केलं". अनुवादकाने, किंवा त्याच्या हिब्रू प्रतीच्या लहियाने, "रेखेव" हे माणसाचं नाव समजून वाचलं, आणि "बर्झेल"च्या अक्षरांत "वेगळं करणे" या अर्थाचं "हिव्दील" हे क्रियापद पाहिलं. अर्थ लागत नाही, संदर्भ जुळत नाही, तरी समोर जे दिसलं ते त्याने प्रामाणिकपणे उतरवलं. असा माणूस आदल्याच वचनात विसंगती मिटवण्यासाठी वाक्याचा अर्थ बेधडक उलटवेल, हे पटत नाही. नकार बहुधा त्याच्या हिब्रू प्रतीतच होता.

म्हणजे आता वाद ग्रीक विरुद्ध हिब्रू असा उरला नाही. दोन हिब्रू पाठ एकमेकांसमोर आले.

पाचवी पायरी: आधी डोळ्याची आणि हाताची चूक शोधा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ देण्यासारखी आहे. लहिया थकतो, ओळ चुकतो, सारखी दिसणारी अक्षरं घोटाळतो. चौकोनी हिब्रू लिपीत रेश आणि दालेत ही दोन अक्षरं पाहा. दालेतच्या वरच्या उजव्या कोपऱ्याचं टोक जरासं बाहेर येतं, रेशचा कोपरा गोल असतो. शाई पसरली किंवा चामडं घासलं की फरक संपला. वर पाहिलेल्या "बर्झेल" आणि "हिव्दील" यांच्यातही रेश आणि दालेतचीच अदलाबदल आहे.

१ शमुवेलात याचा ठसठशीत नमुना सापडतो. दहाव्या अध्यायाच्या शेवटी मासोरेटिक पाठ इस्राएलाचा पहिला राजा शौल याच्याबद्दल म्हणतो, "वयेही केमाख़रीश", म्हणजे तो मूग गिळून राहिला. कुमरानच्या शमुवेलाच्या 'अ' प्रतीत आणि ग्रीकमध्ये तिथे "सुमारे महिन्याभराने" असं आहे. व्यंजनं जवळपास तीच, फक्त रेशच्या जागी दालेत. त्यामुळे हे शब्द मागच्या प्रसंगाचा शेवट न राहता अम्मोनी राजा नाहाश याच्या स्वारीची सुरुवात होतात. याच ठिकाणी कुमरान प्रतीत एक अख्खा परिच्छेद जास्त आहे. नाहाशाने गाद आणि रऊबेन वंशांच्या लोकांचे उजवे डोळे फोडले आणि सात हजार माणसं निसटून याबेश-गिलादात गेली, असं त्यात सांगितलं आहे. जोसेफसलाही डोळे फोडण्याची ही हकीकत माहीत होती. हा परिच्छेद मूळचा की मागाहून रचलेला, यावर आजही एकमत नाही. फ्रँक मूर क्रॉस यांनी तो मूळचा मानला, तर अलेक्झांडर रोफे यांनी मागाहूनची भर.

स्वरांचीही एक गंमत आहे. जुन्या हिब्रू प्रतींत व्यंजनंच लिहिली जात, स्वरचिन्हं मासोरेटिक पंडितांनी पुष्कळ नंतर लावली. यहोशवा ७:५ मध्ये आयचे लोक हरलेल्या इस्राएलींचा "शेवारीम"पर्यंत पाठलाग करतात. मासोरेटिक वाचनात हे स्थळनाम आहे. ग्रीक अनुवादकाने त्याच अक्षरांत "मोडणे" हे क्रियापद वाचलं आणि शत्रूने त्यांना चिरडलं असं लिहिलं. इथे अक्षर एकही बदललेलं नसावं.

आता सगळ्यात शिकवून जाणारा नमुना. यहोशवा ८:२६ सांगतं, की आयच्या सगळ्या रहिवाशांचा समूळ नाश होईपर्यंत यहोशवाने भाला धरलेला हात मागे घेतला नाही. हे वचन ग्रीकमध्ये नाही. लगेच वाटतं, ग्रीक अनुवादकाला हा संहार सोसला नसेल, त्याने तो गाळला. आधुनिक वाचकाला ही कल्पना आवडते, कारण त्यालाही ते वचन वाचताना त्रास होतो. पण थांबा. ओळींचे शेवट बघा.

मासोरेटिक संहितेत २५ वं वचन "आयची सर्व माणसं" या शब्दांवर संपतं आणि २६ वं "आयचे सर्व रहिवासी" या शब्दांवर. ग्रीकमध्ये २६ वं वचन नाही खरं, पण २५ व्याचा शेवट कसा होतो? "आयचे सर्व रहिवासी"! म्हणजे ग्रीकच्या २५ व्या वचनाला २६ व्याची शेपटी लागलेली आहे. ग्रीकमध्ये हे शब्द कर्माच्या विभक्तीत येतात, आणि त्या वाक्यात त्यांना पेलणारं क्रियापद नाही. कर्म उरलं, क्रियापद हरवलं. ते क्रियापद होतं २६ व्या वचनात: समूळ नाश केला. लहियाची नजर "आयची सर्व" या शब्दांवरून पुढच्या "आयचे सर्व"वर गेली आणि मधला मजकूर सुटला. हा कुठल्याही भाषेच्या पोथीत होणारा अपघात आहे. दया, लाज, धर्मशास्त्र यांपैकी कशाचीही इथे गरज पडत नाही.

माझा पाचव्या पायरीवर एवढा भर आहे, तो अशा जागांमुळेच.

सहावी पायरी: भर पडली आहे का, ते बघा

यहोशवाचा ग्रीक पाठ मासोरेटिकपेक्षा एकूणच आखूड आहे, सुमारे चार-पाच टक्क्यांनी. सगळाच फरक नजरचुकीचा नाही. काही ठिकाणी हिब्रू पाठ वाढलेला दिसतो.

भर ओळखायची माझ्या मते सर्वांत विश्वासू खूण म्हणजे मजकुराने जागा बदलणं. एबाल डोंगरावर यहोशवाने वेदी बांधली आणि नियमशास्त्र वाचलं, हा प्रसंग मासोरेटिकमध्ये आयच्या विजयानंतर येतो, ८:३० ते ३५ मध्ये. ग्रीकमध्ये तो ९:२ नंतर आहे. कुमरानच्या यहोशवा 'अ' प्रतीत, म्हणजे इ.स.पू. १०० च्या आसपासच्या तुकड्यांत, त्याचा शेवट पाचव्या अध्यायातल्या सुंतेच्या हकीकतीच्या आधी दिसतो. म्हणजे यार्देन ओलांडल्याबरोबर, गिलगालापाशी. एकच परिच्छेद आणि तीन जागा. जो मजकूर सुरुवातीपासून कथेत विणलेला असतो तो असा हिंडत नाही. तो वेगळा लिहिला गेला असावा आणि निरनिराळ्या लहियांनी आपापल्या समजुतीने बसवला असावा.

दुसरी खूण, कथेचा धागा तुटणं. यहोशवा १०:१५ मध्ये यहोशवा सगळ्या इस्राएलासह गिलगालच्या छावणीत परततो. सोळाव्या वचनापासून मात्र तो अजून मोहिमेवरच आहे आणि एकविसाव्यात छावणी मक्केदापाशी आहे. हेच परतीचं वचन अध्यायाच्या शेवटी, ४३ व्या क्रमांकावर, अक्षरशः पुन्हा येतं. ग्रीकमध्ये दोन्ही नाहीत. आता आधीची वचनं बघा: १४ वं आणि ४२ वं, दोन्ही "परमेश्वर इस्राएलासाठी लढला" या अर्थाच्या शब्दांनी संपतात. सारख्या शेवटामुळे परतीचं वाक्य चुकून वरही बसलं असणार. शेवटचं ४३ वं मूळचं की तेही मागाहूनचं, यावर मात्र मी पैज लावणार नाही.

आणि एखादं ठिकाण असंही लागतं, जिथे निकाल देता येत नाही. आयच्या लढाईत मासोरेटिक पाठ दोनदा दबा बसवतो: ८:३ मध्ये तीस हजारांचा आणि ८:१२ मध्ये पाच हजारांचा. ग्रीकमध्ये पाच हजारांचा उल्लेखच नाही. दोन जुन्या हकीकती शेजारी ठेवल्या गेल्या आणि ग्रीकने त्यातली एक गाळली? की आखूड हकीकत आधीची आणि दुसरा दबा मागाहून आला? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. वहीत "अनिर्णित" असं लिहून पुढे जायला संकोच वाटू देऊ नका.

सातवी पायरी: आता हेतू

गज्जाकडे परत येऊ. "वय्यिल्कोद" आणि "वेलो होरीश" यांची अक्षरं एकमेकांसारखी दिसत नाहीत. ओळ सुटल्याची खूणही नाही. म्हणजे पाचवी पायरी रिकामी गेली. आता हेतूचा विचार करायला हरकत नाही, पण हेतू नुसता कल्पून चालत नाही. त्याच पुस्तकात त्याचा पुरावा दिसायला हवा.

तो दिसतो. शास्त्यांचा पहिला अध्याय यहूदाला झुकतं माप देतो. यहूदा जिंकत जातो आणि उत्तरेचे वंश एकामागून एक अपयशी ठरतात. यरुशलेमातल्या यबूसी लोकांचं बघा. यहोशवा १५:६३ सांगतं की यहूदाच्या वंशजांना त्यांना हुसकावता आलं नाही. शास्ते १:२१ जवळपास तेच वाक्य वापरतं, पण अपयश यहूदाच्या नावावरून काढून बन्यामिनाच्या नावावर टाकतं. म्हणजे यहूदाच्या बाजूचा कल या अध्यायाच्या रचनेतच आहे, आणि "यहूदाने गज्जा घेतलं" हे वाक्य त्याच हाताचं वाटतं. त्यासाठी नंतरच्या एखाद्या लहियाला आरोपी करायची गरज नाही.

उलट बाजूने बघा. एखादा काळजीपूर्वक वाचणारा लहिया अठरावं वचन वाचतो, मग एकोणिसावं, मग ३:३ मधले पलिष्ट्यांचे पाच सरदार. विसंगती टोचते आणि तो अठराव्यात नकार घालून सगळं जुळवतो. नगरांच्या यादीत अश्दोद वाढणं हीसुद्धा यादी पुरी करणाऱ्याची खूण वाटते. एखादा पाठ दुसऱ्या पाठाची अडचण सोडवत असेल, तर सोडवणारा बहुधा नंतरचा. या न्यायाने मासोरेटिक पाठ जुना ठरतो.

पण अवघड पाठ नेहमीच खरा, असं समजू नका. निव्वळ चुकीने झालेला निरर्थक पाठही अवघडच असतो. म्हणून शेवटी तपासा: हा अवघड पाठ लिहिणाऱ्याच्या लेखी अर्थपूर्ण होता का? इथे होता. नगर सर करणं आणि रहिवाशांना हुसकावून तिथे वस्ती करणं या हिब्रूत दोन वेगळ्या क्रिया आहेत. नगर घेतलं, पण टिकवता आलं नाही, अशी समजूत त्या लेखकाची असू शकते.

आठवी पायरी: निकाल लिहून ठेवा

निकाल थोडक्यात लिहावा, पण विरुद्ध बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा त्यात यायलाच हवा. माझी टीप अशी:

"शास्ते १:१८. मासोरेटिक पाठ 'घेतलं' हा जुना मानतो, खात्री मध्यम. ग्रीकचा नकार बहुधा हिब्रू प्रतीतूनच आलेला (१:१९ मधील 'रेखाब' वरून अनुवादक शब्दशः जाणारा दिसतो), पण तो १:१९ व ३:३ यांच्याशी जुळवण्यासाठी केलेला बदल वाटतो. अश्दोदची भर पाहावी. विरुद्ध मुद्दा: मासोरेटिक पाठ पुढच्याच वचनाशी विसंगत आहे, आणि यहूदाच्या बाजूने बदलण्याचा मोह नंतरच्या लहियालाही पडू शकतो. ऐतिहासिकदृष्ट्या गज्जा यहूदाच्या ताब्यात होतं की नाही, याच्याशी या निकालाचा संबंध नाही."

खात्री किती, ते दर वेळी लिहा. वर्षभराने नवा पुरावा हाती आला, तर टीप कुठे बदलायची ते कळतं.

मराठीतून काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सुचवतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालं. ते आणि आजचं पवित्र शास्त्र शेजारी ठेवून ही वचनं वाचा. कोणत्या भाषांतरात तळटीप आहे, कुठे नाही, अवघड जागी शब्द कसा निवडला, हे टिपत गेलात की मासोरेटिक परंपरा मराठीपर्यंत कशी आली ते दिसत जाईल.

सरावासाठी एक वचनसमूह

शास्ते ६:७ ते १० घ्या. मिद्यानी लोकांनी इस्राएलाला गांजलं आहे, आणि एक निनावी संदेष्टा येऊन पराभवाचं कारण सांगतो: तुम्ही माझा शब्द ऐकला नाही. ही चार वचनं मासोरेटिकमध्ये आहेत आणि ग्रीकमध्येही आहेत. कुमरानच्या शास्त्यांच्या 'अ' प्रतीत, इ.स.पू. पहिल्या शतकातल्या एका लहानशा तुकड्यात, ती नाहीत. सहाव्या वचनानंतर थेट अकरावं येतं, गिदोनाच्या भेटीला आलेल्या देवदूताचं.

बरेच अभ्यासक म्हणतात, की पराभवाचं धार्मिक कारण सांगणारं हे भाषण मागाहून घातलेलं आहे आणि कुमरानचा तुकडा त्याआधीची अवस्था दाखवतो. काहींच्या मते ही फक्त लहियाची चूक. तुम्ही पाचव्या पायरीपासून सुरुवात करा. सहाव्या वचनाचा आणि दहाव्या वचनाचा शेवट सारखा आहे का? सातव्याची सुरुवात सहाव्याच्या शेवटाचे शब्द पुन्हा घेते, "इस्राएल लोकांनी परमेश्वराचा धावा केला". ही पुनरुक्ती नजर घसरल्याची खूण आहे, की मजकूर जोडताना घातलेल्या टाक्याची? आणि एवढ्याशा तुकड्यावर किती भार टाकायचा? ही उत्तरं रकान्यांत मांडून झाल्यावरच संदेष्ट्याच्या भाषणामागचा हेतू शोधायला घ्या.